आठ नंबरचा खांब

१

गुरुबसप्पाच्या खिशात घड्याळ नसे, पण हातोडी असे. पावशेर वजनाची, बाभळीच्या दांड्याची, दांडा घामानं काळा पडलेला. अक्कलकोट नाक्याजवळ मोटारींसाठी दुमजली इमारत उठत होती. तिथं त्याला तपासनीस कुणी म्हणत नसे, हातोडीसाहेबच म्हणत.

सोलापुरानं तोवर दगडचुन्याची घरं बघितली होती, गिरणीची धुराडी बघितली होती. पण मोटारीनं उतरणीसारख्या रस्त्यावरून माडीवर चढायचं आणि तिथं मुक्काम करायचा, हे खूळ पहिलंच. मालकाच्या मोटारी दुधनीपर्यंत उतारू वाहत. त्या उन्हात तापू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप. तीन रांगा, रांगेत पाच, असे पंधरा काँक्रीटचे खांब. त्यांवर सपाट छत, आणि छतावर मोटारी.

त्या काँक्रीटवर नजर ठेवणं हे गुरुबसप्पाचं काम. ज्या दिवशी खांब ओतला जाई, त्या दिवशीच्या मालातून लोखंडी साच्यांत सहा ठोकळे पाडायचे, त्यांवर खांबाचा आकडा घालायचा, ते हौदात बुडवायचे आणि महिन्यानं वर काढून दाबयंत्राखाली फोडायचे. काटा कुठवर गेला ते लिहायचं आणि खाली सही करायची. शिवाय उभे खांब हातोडीनं वाजवून बघायचे. पक्का खांब खण्ण वाजतो. पोकळ असला तर बद्द. बस्स, एवढंच शास्त्र. पण माणूस असा ताठ चाले, जणू आभाळ त्याच्याच सहीवर तरलंय.

ज्येष्ठातली दुपार होती. छत ओतून पंधरा दिवस झाले होते, खाली लाकडी टेकूंचं रान उभं होतं. गुरुबसप्पा वाजवत निघाला. पाच, खण्ण. सहा, खण्ण. सात, खण्ण. आठ म्हणजे बरोबर मधला, सगळ्यात जास्त भार घेणारा.

बद्द.

त्यानं पुन्हा जरा जोरात मारली. बद्द. भरल्या पाठीवर थाप मारल्यासारखा आवाज.

आणि चाळीस पावलांवर, हौदापाशी पाठमोरी बसलेली, खांबांवर पाणी मारणारी मायाक्का "आई गं!" म्हणाली आणि डावा खांदा चोळायला लागली.

२

बद्द का वाजला, हे गुरुबसप्पाला कुणी सांगायला नको होतं.

चैत्रात वळवाचा एक सडाका आला, त्यात सिमेंटची दहा-बारा पोती भिजली. सिमेंट भिजलं की त्याचे गोळे होतात आणि ते मेलं म्हणायचं. ते फेकायचं असतं. कंत्राटदार चन्नवीरनं ते बायकांकडून धुमसानं कुटून घेतलं, चाळलं आणि आठ नंबरच्या खांबात घातलं. त्या दिवशी गुरुबसप्पा दुधनीला भाचीच्या बारशाला गेला होता. दुसऱ्या दिवशी चन्नवीरनं नव्या पोत्यातला उत्तम माल कालवून सहा ठोकळे पाडले, त्यांवर आठचा आकडा घातला आणि कागद पुढं केला. "साहेबांच्या देखत माल ओतला" असं त्यात लिहिलेलं होतं.

गुरुबसप्पानं सही केली. माणसाला खोटं बोलायला तोंड लागतं, सहीला तेवढंही लागत नाही.

आज तो चन्नवीरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"आठ बद्द वाजतोय."

चन्नवीर पान लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "वाजू दे की अण्णा. खांब काय भजनाला बसवायचाय व्हय?"

"टेकू काढल्यावर छत खाली येईल."

"तुमचे ठोकळे काय म्हणतात?"

"ठोकळे चांगले फुटले."

"मग?" चन्नवीरनं पान गालात सारलं. "ठोकळे तुमचे, सही तुमची. सुम्मने, उगंच कशाला घोर लावून घेता? खरं सांगायचं तर जावा मालकाकडं. सांगा, बारसं जेवून आलो आणि बघितल्याचं लिवून दिलं. पंधरा खांब पाडतील, मग तुमाला कुणी कोंबड्याचं खुराडं तपासायला बी बोलवणार न्हाई."

गुरुबसप्पा खोलीबाहेर पडला.  त्याच्या डोक्यात खांबापेक्षा ती बाई घोळत होती. खांदा चोळणारी.

३

योगायोग, असं त्यानं मनाशी ठरवलं. बाई डोक्यावरून घागरी वाहते, खांदा दुखणारच. आपण हातोडी मारायला आणि तिला कळ यायला एक गाठ पडली.

शिकलेल्या माणसाची एक खोड असते. मनाला समजावतो आणि मग हळूच खातरजमाही करून घेतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाच नंबर वाजवला. मायाक्का गोणपाटं पिळत होती, पिळतच राहिली. सात वाजवला. काही नाही. आठला त्यानं नुसता हातोडीचा दांडा टेकवला, आवाजसुद्धा झाला नाही. मायाक्कानं मागं वळून पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं.

मग त्यानं तिला भिंतीपल्याड विहिरीवर पिटाळलं. पीरसाब मिस्त्रीला तिच्या मागोमाग, दोर बघून ये म्हणून. पीरसाब म्हातारा, सळया बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघं नजरेआड झाल्यावर गुरुबसप्पानं छिन्नी काढली आणि आठ नंबरच्या खांबाच्या बुडाशी, गुडघ्याइतक्या उंचीवर, टवका उडवला.

टवका चिमटीत आला तो ढेपेच्या गुळासारखा. चुरगळला तर पीठ झालं. आत ओल होती. दोन महिने होत आले ओतून, बाहेर दगड फुटेल असं ऊन, आणि आत ओल. बोटाला कोमट लागली.

पीरसाब परत आला. "दोर ठीक आहे साब. पण बाईनं घागर फोडली की."

"कशी?"

"काय मालूम. भरून उचलली आणि एकदम खाली बसली. गुडघा धरून."

"केव्हा?"

"आत्ता. तुमी काय ठोकत होता ना, तवाच."

मायाक्का मागून लंगडत आली. गुडघ्याला चिंधी बांधलेली, चिंधीतून लाल डाग फुटलेला. "धडपडली न्हाय सायेब, काय न्हाय," ती हसून म्हणाली. "आपोआप सालपट निघालं बगा. म्हातारपण म्हनत्यात ते ह्येच की."

गुरुबसप्पानं चिमटीतलं पीठ धोतराला पुसलं. दिवसभर त्या हाताला एक वास येत राहिला. सिमेंटचा नव्हता. कसला, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

४

टेकू काढायचा दिवस ठरला. मालकानं पहिल्या मोटारीला बांधायला फुलांच्या माळासुद्धा सांगून ठेवल्या.

आता इथं एक रीत होती. बांधकामावरच्या लोकांची, कागदावर नसलेली, म्हणूनच मोडायला अवघड. छताचे टेकू निघताना ज्यानं "झालं" म्हणून सांगितलं, त्यानं खाली उभं राहायचं. एकट्यानं. आपल्या शब्दाखाली आपली मान. गुरुबसप्पा रस्त्याच्या दोन मोऱ्यांखाली आणि गिरणीच्या एका गुदामाखाली असा उभा राहिला होता, छाती काढून, आणि वर्षभर लोकांना त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

या खेपेलाही पाळी त्याचीच होती.

आदल्या दुपारी तो छताखाली गेला. बाहेर डोळे दिपत होते, आत टेकूंच्या सावल्या. आठ नंबरच्या खांबाला पाठ लावून मायाक्का भाकरी आणि खर्डा खात होती.

"इथंच का बसतेस गं?"

"ह्याचा ताप उतरंना की," ती म्हणाली. सिमेंट ओतल्यावर काही दिवस गरम लागतं, हे गुरुबसप्पाला ठाऊक होतं. काही दिवस, दोन महिने नव्हे. "बाकीचे समदे आठ दिसांत गार पडले. ह्योच आजारी. म्हनून मी पानी बी ह्याला जादा मारते. आन दुपारी पाठ लावून बसते. लई बरं वाटतं ह्याला."

"खांबाला बरं वाटतं?"

"व्हय. पयल्यांदा कसा थरथर करायचा. आता माज्याबरुबर निवांत ऱ्हातो." तिनं घास मोडला. "सायेब, येक इचारू? तुमी हातुडी मारता तवा मला का लागतं?"

 गुरुबसप्पानं हसायला हवं होतं. तो हसला नाही. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला, रुंद, मेंढरं खांद्यावर वाहिलेली धनगराची पाठ. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक विचार आला. तो इतका घाण होता की त्यानं त्याला दुसरं नाव दिलं. त्यानं त्याला तोडगा म्हटलं.

"मायाक्का," तो म्हणाला, "उद्या रीतीला तू उभी राहा."

"मी?" ती लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. "मी कोन बाई? पानी मारनारी."

"शेवटचा हात तुझाच लागलाय. मान तुझा."

५

सकाळी दहाला सगळे जमले. मालक, चन्नवीर, चाळीसेक मजूर, रस्त्यावरचे रिकामटेकडे. मायाक्कानं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. ती आत जाऊन आठ नंबरच्या खांबाशेजारी उभी राहिली.

पीरसाब गुरुबसप्पाच्या अगदी जवळ आला. "साब, दस्तूर तुमचा आहे. बाईला नक्को."

"पाणी कुणी मारलं?"

"पाणी बाईनं मारलं. सही कुणी केली?"

"तू टेकू काढ."

 पीरसाब तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि घण उचलला. कडेचे टेकू आधी निघाले, मग रांगेनं आतले. लाकूड पडल्याचा आवाज मोकळ्या छताखाली घुमत होता. शेवटचे चार आठ नंबरच्या भोवती होते. त्यातले तीन निघाले.

चौथ्यावर घण बसला तसं छत बोललं. कर्र. भल्या मोठ्या जनावरानं कूस बदलावी तसं. वरून पिठासारखी धूळ झडली, आणि आठ नंबरच्या खांबावर बुडापासून वरपर्यंत एक रेघ चढत गेली. सगळ्यांनी पाहिली. लोक ओरडत मागं पळाले. पळण्यात चन्नवीर पहिला होता.

मायाक्का पळाली नाही. तिनं हनुवटी वर केली, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, आणि दोन्ही तळपाय जमिनीत रुतल्यासारखे पसरले.

रेघ थांबली. छत थांबलं.

 मालकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. चन्नवीरनं गुरुबसप्पाच्या पाठीवर थाप मारली. "बगा की! गिलाव्यातली भेग हाय, उद्या बुजवतो."

"मायाक्का, ये की बाहेर!" बायका हाका मारायला लागल्या.

"येते की," ती म्हणाली. आवाज दाबून आल्यासारखा. "जरा जड हाय."

ती आली. गच्च भरलेल्या दोन घागरी डोक्यावर घेऊन बाई चालते तशी. मान सरळ, पावलं सपाट, डोळे समोर. डोक्यावर काहीच नव्हतं. मालकानं नारळ पुढं केला, तो घ्यायला तिला वाकता येईना. तो हातातून सुटला आणि फुटला, आणि लोक म्हणाले, शकुन झाला.

६

आठ दिवस मायाक्का कामावर आली नाही. गुरुबसप्पानं विचारलं नाही. सहा मोटारी वर राहायला लागल्या. रोज बाराच्या सुमाराला दुधनीची मोटार येई आणि घरघरत माडीवर चढे. आठ नंबरचा खांब त्यानं पुन्हा वाजवला नाही. हातोडी घरी राहिली म्हणून त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ती खिशातच होती.

नवव्या दिवशी मालक म्हणाला, "आणखी चार मोटारी घेतल्यात. परवा वर चढवू. तुमचा कागद लागेल."

त्या संध्याकाळी कोरा कागद खिशात घालून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाराच्या जरा आधी तो भवानी पेठेत, मायाक्काच्या दारात होता.

मायाक्काची बहीण तानाबाई विड्या वळी. ती उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसली होती. ठेंगणी, काळी, तोंडानं तिखट. त्याला बघताच तिनं सूप बाजूला आदळलं.

"आलास व्हय मुडद्या? ये. बग. तुजंच काम हाय, आत ये आन तपास."

खोली एवढीशी, पत्र्याचं छप्पर, विडीच्या पानांचा वास. मायाक्का भिंतीजवळ उभी होती. टेकलेली नव्हती, उभी होती. पायाशी जमीन दोन बोटं खचून दोन खळगे पडले होते, त्यात तिची पावलं.

"नऊ दिस झाले," तानाबाई म्हणाली. "बसत न्हाई, निजत न्हाई. मी घास भरवते. बसवाया गेले तर वरडते, पडंल म्हनती, समदं पडंल. काय पडंल गं माजे बाये?"

"सायेब आलं का?" मायाक्कानं मान न हलवता विचारलं. "सायेब, बाराचा भोंगा झाला का?"

"अजून नाही."

"मग हुईल आता."

गिरणीचा भोंगा झाला. गुरुबसप्पा उभा राहिला आणि मनातल्या मनात हिशेब करत राहिला. मोटार नाक्यावर आली असेल. वळली असेल. चढायला लागली असेल. इथून कोसभर. इथं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि ऐकू काही आलंच नाही.

मायाक्काचे गुडघे वाकले. सावकाश, बोटभर. तिच्या अंगातून एक बारीक आवाज निघाला, कर्र असा. मग ती पुन्हा सरळ झाली, इंचाइंचानं, आणि तिच्या नाकातून रक्ताची धार ओठावर आली. तानाबाईनं ती पदरानं टिपली, रोजची सवय झालेल्या हातानं.

वातविकार, गुरुबसप्पा मनाशी म्हणाला. बायकांना होतो. मनाचा खेळ. वेळेचा अंदाज तिला सवयीनं आला असणार.

"सायेब," मायाक्का म्हणाली, "सा हायत तवर मी काडते दिस. जादा घालू नगासा. लिवा तेवडं."

७

तानाबाईनं त्याचं मनगट धरलं. विड्या वळून वळून तिची बोटं चिमट्यासारखी झालेली.

"मनाचा ख्योळ वाटतो न्हवं तुला? तोंडावरनं कळतंय. मग धर की जरा. तिच्या कोपराखाली हात घाल. येवडं पानी भरून घातलं तिनं तुज्या कामावर, येवडं बी कर."

तिनं त्याचा तळवा ओढून बहिणीच्या कोपराखाली घातला.

पुढचं गुरुबसप्पानं कधी कुणाला सांगितलं नाही. कोपर कोमट होतं, आतून ओलं असावं तसं. त्यानं ते केसभर उचललं, आणि वरून ते आलं. मनगटात, खांद्यात, दातांत. काळोखी, सपाट, आभाळाएवढं काहीतरी, ज्याला कडा नव्हत्या आणि ज्याला दया नव्हती. त्याची टाच जमिनीवर कडकडली. डोळ्यांपुढं खोली गेली, आणि तिच्या जागी खालून पाहिलेलं एक करडं छत त्याला दिसलं, अगदी नाकाजवळ, आणि त्यावर फिरणारी चाकं.

त्यानं हात काढून घेतला.

त्याचा वाटा मायाक्कावर परत आला. ती दोन बोटं खाली गेली. ओरडली नाही. नुसतं "अगं आई" म्हणाली आणि डोळे मिटून पुन्हा वर यायला लागली.

तानाबाईनं सगळं पाहिलं. ती आता शिव्या देत नव्हती, तेच वाईट होतं. ती त्याच्या पायाशी बसली. "कळलं न्हवं? मग येक वळ लिव. मोटारी खाली घ्या म्हनून. तुजा शब्द मानत्यात त्ये. लिव बाबा. म्हनशील तर तुज्या दारात जल्मभर झाडू मारते."

"लिहितो," गुरुबसप्पा म्हणाला.

आणि त्याला लिहायचं होतं. पेठेतून नाक्यापर्यंत त्यानं मनात ती ओळ घोळवली. पण ओळीच्या मागोमाग दुसरी येई, का? आणि दुसरीच्या मागं तिसरी, मग सही कशी केलीत? नाक्यावर पोचेतो ओळींची रांग लागली होती आणि शेवटच्या ओळीत त्याचं नाव होतं. मोटारी उतरवल्या तर तो भार कुठं जाईल, हाही प्रश्न त्याला वाटेत पडला होता. चांगला प्रश्न होता. भित्र्या माणसाला प्रश्न नेहमी चांगलेच पडतात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चार नव्या मोटारी रांगेनं उभ्या होत्या. पीरसाब कामावर आला नव्हता. चन्नवीर हार घालत होता. मालकानं हात पुढं केला आणि गुरुबसप्पानं त्या हातावर कागद ठेवला. दहा मोटारींना छत पक्कं आहे, असं त्यात सुरेख अक्षरात लिहिलं होतं. 

पहिली मोटार चढणीला लागली. तो छताखाली गेला नाही. फाटकात, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

रस्त्यावरून, पांढऱ्या उन्हातून, एक बाई पळत येत होती. ठेंगणी, काळी. पदर पडलेला, पाय अनवाणी, दोन्ही हात वर करून हालवत होती. अजून लांब होती, काय ओरडते ते कळत नव्हतं.

मोटारवाल्यानंही तिला पाहिलं. निम्म्या चढणीवर त्यानं करकचून मोटार थांबवली आणि मान बाहेर काढली. "साहेब, कोण बाई हाय वो? थांबू का?"

गुरुबसप्पानं बाईकडं पाहिलं. तिचे हात आता जोडलेले होते.

"थांबू नको," तो म्हणाला. "चढव."